पाठमोरी वाटणी

त्या हंगामात माझ्या अंगाला बांगड्याचा वास लागला होता आणि बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहायची. लोकांना वाटायचं, बिचारी पोरगी. मला मात्र ऐसपैस बसायला मिळायचं. सर्वणच्या कुळागरात, माड-पोफळींच्या सावलीत वाढलेली शाळामास्तरांची मुलगी समुद्राच्या नादी कशी लागली, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं आहे. त्यांना मी काहीतरी भारदस्त सांगते. खरं उत्तर असं, की प्राणिशास्त्राची पदवी हातात पडली तेव्हा पणजीच्या एका संस्थेला मासे मोजायला माणूस हवं होतं आणि मला बेडूक कापण्याचा वीट आला होता. बाबा साखळीच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचे, आमची सुलू सागरी संशोधन करते. आई सांगायची, मासे मोजते. दोघंही खरंच बोलत होते.

काम वरवर पाहता सोपं होतं. पेडण्याच्या किनाऱ्यावर रापण ओढली की त्या जाळ्यातले चाळीस बांगडे घ्यायचे, आठवड्यातून एकदा. प्रत्येकाची लांबी मोजायची, वजन करायचं, पोट फाडून नर की मादी ते बघायचं, गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, किती पिकली आहे त्याची नोंद करायची. आठवड्यामागून आठवडे हे केलं की कागदावर बांगड्यांच्या अख्ख्या वस्तीचं चित्र उभं राहतं. गावात पोरं किती, तरणे किती, म्हातारे किती हे कळलं की गाव पुढे टिकेल की ओस पडेल ते सांगता येतं, तसंच हे. आमचे सर कोल्हापूरकडचे. बांगड्याच्या पोटातलं त्यांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांच्या पोटात बांगडा कधी गेला नव्हता. वासानेच त्यांना मळमळायचं. नाकाला रुमाल लावून ते माशांवर इतकं सुंदर बोलत, की ऐकणाऱ्याने रुमालाकडे बघूच नये.

राहायला मी पार्श्याला मावशीकडे होते. तिथून सकाळच्या बसने मोरजीला जायचं, दुपारपर्यंत परत यायचं आणि मागच्या पडवीत फळी मांडून बसायचं. मोजून झालेले बांगडे मावशीचे, असा आमचा करार होता. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या शास्त्राला पहिला धक्का दिला. मी पोट शेपटापर्यंत फाडते, मग भरलेला मसाला तव्यावर सांडतो, असं तिचं म्हणणं. तिने माझ्या हातातली सुरी घेतली आणि दोन बोटांची चीर कशी द्यायची ते दाखवलं. त्या चिरेतून गाबोळी अख्खी बाहेर यायची आणि मसाला अख्खा आत राहायचा. पुढे संस्थेत मी कित्येक मुलांना हीच चीर शिकवली. ती कुठल्या स्वयंपाकघरातून आली ते एकालाही सांगितलं नाही. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, उकड्या तांदळाचा भात आणि वर आमसुलाची कढी. रात्रीचं उरलेलं हुमण सकाळी पोदेराने सायकलवरून आणलेल्या गरम पावाबरोबर, उंड्याबरोबर. आज डॉक्टरांनी मला जे जे बंद केलं आहे, ते ते सगळं त्या पडवीत माझ्या पानात होतं.

जेवताना भाषेचा वाद असायचा. ते दिवसच तसे होते. गोव्याची भाषा कुठली, यावरून घराघरांत उभा दावा मांडलेला. काका मराठीवाले. मावशी कोंकणीवाली; म्हणजे तिला भाषेचं तसं काही नव्हतं, काकांच्या विरुद्ध बोलायला विषय हवा होता. काका मराठीची बाजू मांडायचे ती अस्सल पेडण्याच्या कोंकणीत, आणि मावशी त्यांना कोंकणीसाठी झापायची ती मराठी मासिकांतली वाक्यं जशीच्या तशी फेकून. एकदा म्हापशाच्या अलीकडे रस्ता अडवला होता. चार पोरं बसमध्ये चढली आणि प्रत्येकाला विचारू लागली, तू कुठल्या बाजूची. माझ्यापाशी आली तेव्हा मी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत बर्फ आणि तीन दिवसांच्या शिळ्या गाबोळ्या. पोरं खाली उतरली, बस सुटली. कोणत्या बाजूची होती ती पोरं, हे मला आजही माहीत नाही.

मला बांगडे द्यायची ती शेवंतीबाय. मोरजीच्या रापणीचा म्होरक्या, तांडेल बाबलो, त्याची ती थोरली बहीण. नऊवारी घट्ट खोचलेली, कपाळावर मोठं कुंकू, आणि जीभ अशी की तिच्याशी घासाघीस करायला म्हापशाचे व्यापारीसुद्धा जोडीने यायचे. माझ्यावर तिची पहिल्या दिवसापासून माया बसली. मी वाळूत उभी राहीपर्यंत माझी टोपली भरलेली असायची. चाळीस म्हटले की चाळीस, वर चार जास्त. एक एक बांगडा टपोरा, पाठीवरच्या रेघा मोजून घ्याव्यात असा लखलखीत. मी मनात म्हणायचे, या किनाऱ्यासारखा किनारा नाही. बाबलो मला शेजारी उभं करून पाणी वाचायला शिकवायचा. थवा वर आला की पाणी कुठे काळवंडतं, वाऱ्याने उठलेली लहर कुठली आणि माशाने उठवलेली कुठली, होडीचं वल्हं खणकन वाजलं की सगळा थवा एकाच वेळी कसा वळतो, हे त्याने दाखवलं. पुस्तकात याला तीन पानं होती आणि बाबलोला तीन शब्द पुरायचे.

चतुर्थीनंतर सुरू केलेल्या नोंदी दिवाळीपर्यंत झाल्या तेव्हा मी आलेख काढून सरांपुढे ठेवला. पावसाळ्यात अंडी घातल्यावर या दिवसांत किनाऱ्याला पिल्लांची गर्दी दिसायला हवी, असं पुस्तक सांगत होतं. माझ्या आलेखात एकही पिल्लू नव्हतं. सगळे बांगडे एका उंचीचे, एका वयाचे. सर म्हणाले, हे पोरं नसलेलं गाव आहे. मग रुमाल खाली घेऊन त्यांनी निष्कर्ष सांगितला: पिल्लं किनाऱ्याजवळ वाढतच नसावीत, ती बाहेर खोल पाण्यात राहत असणार. मी हवेत तरंगायला लागले. वयाच्या एकविसाव्या वर्षी मी एक शोध लावला होता. त्या रात्री मावशीला मी तो इतक्या वेळा सांगितला की ती म्हणाली, आता झोप, नाहीतर तुलाच खोल पाण्यात नेऊन सोडीन.

त्या शोधाला एक शेपूट होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ट्रॉलरवाल्यांना किनाऱ्याजवळ मासेमारी करू द्यायची की नाही, याची फाइल सरकारात फिरत होती. रापणकार वर्षानुवर्षं कंठशोष करून सांगत होते, की उथळ पाण्यात पिल्लं असतात, ट्रॉलर आले तर ती खरवडून नेतील आणि चार वर्षांनी जाळ्यात पाणीच येईल. सरकारने संस्थेचं मत मागवलं होतं. सर अहवाल लिहीत होते आणि त्यात माझा आलेख जाणार होता. उथळ पाण्यात पिल्लं नाहीत, असं तो आलेख म्हणत होता. म्हणजे ट्रॉलर यायला हरकत नाही. मला जरा चुटपुट लागली, पण मी स्वतःला बजावलं, विज्ञानाला भाऊबंद नसतात. या वाक्याचाही मला अभिमान वाटला. तेव्हा मला माझ्या बऱ्याच वाक्यांचा अभिमान वाटायचा.

त्याच आठवड्यात शेवंतीबायने मला जेवायला बोलावलं. पाटावर बसवलं, समोर केळीचं पान, पानात दोन तळलेले बांगडे, शेपट्या पानाबाहेर. मी पोटभर जेवले आणि हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथे तिची चार नातवंडं ताटल्या घेऊन बसली होती. त्यांच्या ताटल्यांत बोटभर लांबीचे बांगडे होते, प्रत्येकी सहा-सात, डोक्यासकट कुरकुरीत तळलेले. मी तशीच ओल्या हाताने खाली बसले. पिशवीत मोजपट्टी असायचीच. सगळ्यात धाकट्या नातवाच्या ताटलीतला एक बांगडा उचलून मी मोजला. त्याने भोकाड पसरलं. मी त्याला म्हटलं, परत देते रे, आणि दुसरा मोजला.

शेवंतीबाय धावत आली. हे कुठून आले, मी विचारलं. तिला प्रश्नच कळेना. रापणीतून, दुसरं कुठून? मग माझ्या टोपलीत एकही का नाही? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरच्या वळणाविषयीच शंका घेतली होती.

"मास्तराच्या चेडवाक बारको बांगडो दिलो तर गाव माका काय म्हणात?" ती म्हणाली. "बारके आमी घरात खातों. भायल्या माणसाक कोण दिता?"

दर आठवड्याला, मी बसमधून उतरायच्या आधी, ती अख्ख्या ढिगातून एक एक बांगडा पारखून माझी टोपली भरत होती. पिल्लं खोल पाण्यात नव्हती. ती शेवंतीबायच्या चुलीवर होती. माझा शोध म्हणजे पेडण्याच्या पाहुणचाराचा आलेख होता. मला हसू येत होतं, पण अहवाल सोमवारी जाणार होता आणि तो दिवस गुरुवार होता.

शुक्रवारी मी सरांना सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, बसमध्ये मी गप्प राहण्याचाही विचार केला होता. चूक माझी, टोपली कोण भरतं हे बघायला हवं होतं, ते मी बघितलं नव्हतं. सर संतापले नाहीत. ते खचले, आणि ते मला जास्त लागलं. ताटातला मासा नमुना होत नाही, ते म्हणाले. शिजल्यावर तो किती आखडतो कोणाला माहीत? शिवाय चार ताटल्यांतल्या पिल्लांवरून सरकारला कसं सांगणार, की पाणी पिल्लांनी भरलेलं आहे? घरच्या लोकांनी निवडूनच बारके ठेवलेले असणार. शेवटी त्यांनी एक सवलत दिली. सोमवारच्या आत एक तरी खरा नमुना आण, न निवडलेला. त्यात पिल्लं भरपूर निघाली तर मी अहवाल थांबवतो, सगळं पुन्हा मोजू. नाही निघाली, तर जो आलेख आहे तो जाईल.

शनिवारी पहाटे मी मोरजीला जाऊन शेवंतीबायला आणि बाबलोला समजावून सांगितलं, की तिच्या मायेपायी ट्रॉलर दारात येऊन उभे राहणार आहेत. शेवंतीबाय तडक पाण्याकडे निघून गेली. तासाभराने पहिली रापण आली आणि ती माझ्याकडे टोपली घेऊन आली. टोपलीत सगळी पिल्लं. एकही मोठा बांगडा नाही, चाळीसच्या चाळीस बोटभर.

"घे," ती म्हणाली. "आता लिव."

ती टोपली नेली असती तर सर खूश, तांडेल खूश, किनारा वाचला. कोणाला कळणार होतं? मुख्य म्हणजे ते जवळजवळ खरं होतं. पण आधीचे दोन महिने मला असंच जवळजवळ खरं मिळत होतं, आणि त्यातून काय निघालं ते मी पाहिलं होतं. मी टोपली परत दिली. शेवंतीबायला राग आला, अगदी मनापासून. मोठे दिले तरी नको, बारके दिले तरी नको, मग तुला हवेत तरी कसले, तिने विचारलं आणि पाठ फिरवली. तिचं बरोबरच होतं. मला हवे होते कोणीही न दिलेले बांगडे, आणि असले बांगडे मागायचे कसे ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

बाबलो विडी ओढत हे ऐकत होता. त्याने विडी वाळूत खुपसली आणि म्हणाला, "दोर ओढ आनि वांटो घे. वांट्याक बारको-मोठो कळना."

रापणीची वाटणी मी इतक्या वेळा पाहिली होती, पण बघत नव्हते. जाळं वाळूवर आलं की मालकाचा भाग आधी बाजूला होतो. उरलेल्या मासळीचे पाट्यांनी वाटे घालतात, दोर ओढणाऱ्या जेवढ्या माणसांचे तेवढे. मग एक जण माशांकडे पाठ करून उभा राहतो. तांडेल एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस एक नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा, मग तो बरा असो की वाईट. भांडण नाही, तंटा नाही. पाठमोऱ्याच्या नशिबी शेवटी उरेल तो वाटा, म्हणजे त्यालाही लबाडी करता येत नाही. आमच्या संस्थेत न निवडलेला नमुना कसा घ्यावा यावर एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात आकड्यांचे तक्ते होते. मोरजीला फक्त पाठ होती.

रविवारी सकाळी मी साडी खोचून दोराला लागले, शेवंतीबायच्या चार माणसं मागे. काथ्याचा ओला दोर, खारट, आणि ओढताना मागच्या माणसाच्या तालावर पाय मागे टाकायचे. अर्ध्या तासात माझे तळवे सोलून निघाले. मागून एक बाप्या म्हणाला, की मास्तरीणबाय दोराला धरून उभ्या आहेत की दोर त्यांना धरून उभा आहे. सगळी रांग हसली, मीही हसले, आणि त्यामुळे माझा पाय चुकून मी वाळूत बसकण मारली. मास्तरांची मुलगी रापण ओढते ही बातमी पोदेराच्या सायकलवरून माझ्या आधी पार्श्याला पोचली होती. संध्याकाळी मावशीने माझ्या हातांना खोबरेल चोळता चोळता मला बजावलं, की सर्वणला हे कळलं तर तिने मला कधी पाहिलेलंच नाही.

जाळं वर आलं तेव्हा समुद्र अजून गढूळ होता. बांगडे, तारले, थोडे खेकडे, बरीच घाण. मी ढिगाकडे धावले तसं बाबलोने मला खांद्याला धरून अडवलं. रोज पाठमोरा उभा राहणारा म्हातारा तापाने पडला होता. त्याच्या जागी बाबलोने मला उभं केलं. तू कोणाच्या नात्यातली नाहीस, तो म्हणाला, तूच सांग. बावीस वाटे पडले, माझं सोडून एकवीस नावं मला घोकून घ्यावी लागली. मी माडांकडे तोंड करून उभी राहिले. माझ्यामागे सगळा गाव, मासे आणि समुद्र. कानात फक्त बाबलोची काठी.

"हो कोणाचो?"

मी एक नाव घेतलं. मग दुसरं. तिसऱ्या वाट्याला काठी टेकली आणि शेवंतीबाय खोकली. चांगलं घसा खरवडून, बाजारात ऐकू जाईल असं. मी गोंधळले. पुढचा वाटा आला, ती गप्प. त्याच्या पुढचा आला, पुन्हा खोकला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या वाट्यात पिल्लं जास्त होती, त्यावर ती मला खूण करत होती: शेवटच्या वाट्याची वाट बघू नकोस, हा तुझा म्हण. काल तिची टोपली मी परत केली होती, तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तरी ती माझ्यासाठी गावासमोर लबाडी करायला उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना. सुदैवाने दोन्ही फक्त माडांना दिसलं.

मी तिचा एकही खोकला मानला नाही. पुढचा खोकला आला तेव्हा मी तिचंच नाव घेतलं. ती पुटपुटली ते मी इथे लिहीत नाही. मग ती जास्तच पेटली. दहाव्याला खोकली, बाराव्याला खोकली, चौदाव्याला तर तिला खरीच उबळ आली आणि कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. मी नावं घेत गेले. प्रत्येक नावाबरोबर मला वाटत होतं, गेला, पिल्लांचा वाटा गेला, आता मागे उरतील ते सगळे मोठे, उद्या सकाळी अहवाल जाईल, आणि तो मीच, माझ्या तोंडाने, एकेक नाव घेऊन पाठवलेला असेल. एकविसाव्या नावाला माझा आवाज चिरकला. कोणी हसलं नाही.

उरला तो माझा. मी वळले.

माझ्या वाट्यात सत्तावन्न बांगडे होते आणि त्यांतले चौतीस बोटभर. मी गुडघ्यांवर बसून पहिले चार मोजले, मग मान वर केली आणि शेजारच्या वाट्याकडे पाहिलं. मग त्याच्या पलीकडच्या. मग उठून मी बावीसच्या बावीस वाट्यांभोवती, पाटी भरणाऱ्या माणसांना थांबवत, वेड्यासारखी एक फेरी मारली. चांदीच्या रंगाची बोटभर पिल्लं प्रत्येक वाट्यात होती. शेवंतीबाय ज्यावर खोकली होती त्यात होती, आणि ज्यावर गप्प राहिली होती त्यातही होती. पाणीच पिल्लांनी भरलेलं होतं. कोणता वाटा माझ्या वाट्याला आला याने काही फरक पडणार नव्हता.

शेवंतीबाय पाण्याचा तांब्या हातात धरून माझ्यामागून फिरत होती. शेवटच्या वाट्यापाशी ती थांबली, तिने वाकून पाहिलं, आणि बसलेल्या आवाजात, कशाला म्हणून मला जाब विचारला, "मगे हांवें खोकून खोकून गळो कित्याक सुकयलो?"